पत वाढवण्याचे घरगुती उपाय

माणसाला आपली पत किती आहे हे कळलंच पाहिजे असं काही नाही. मला ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कळली नव्हती आणि तोपर्यंत मी रस्त्याने ताठ मानेने चालत होतो. रक्तदाबाचंही तसंच असतं. मोजला की सुरू होतो.

मी वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि तक्रारी. मंदी आली की लोक आधी माल घेणं सोडतात, मग तो मोजणं सोडतात, आणि मग आमच्याकडे तक्रारीसुद्धा येईनाशा होतात. एके दिवशी मालकांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि जाहीर केलं, "मी एकालाही कामावरून काढणार नाही." टाळ्या झाल्या. मालक पुढे म्हणाले, "फक्त पगार अर्धा मिळेल." मागच्या रांगांपर्यंत दुसरं वाक्य पोहोचायला थोडा वेळ लागला, त्यामुळे त्यालाही टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या हिला आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळायची चिन्हं दिसू लागली. ही घरी शिवणकाम करते. एका हॉस्पिटलला डॉक्टरांचे दीडशे पांढरे कोट हवे होते. नमुन्याचा एक कोट पसंत पडला की काम हिचं, पण मग दीडशेच्या दीडशे कोट दोन महिन्यांत. हिचं मशीन पायाचं. त्यावर दीडशे कोट शिवायचे म्हणजे पहिला कोट घालणारा डॉक्टर निवृत्त व्हायला आला असता तेव्हा शेवटच्या कोटाची कॉलर लागली असती. दोन गल्ल्या पलीकडे कपड्यांचा एक छोटा कारखाना बंद होत होता. तिथलं मोटरचं मशीन हिने हेरून ठेवलं होतं. किंमत पंचेचाळीस हजार. पुढच्या महिन्याच्या अखेरीस कारखान्याची जागा रिकामी करायची होती, आणि त्या दिवशी जे उरेल ते भंगारवाला उचलणार होता.

थोडक्यात, आठ आठवड्यांत पंचेचाळीस हजार. नाहीतर मशीन भंगारात, ऑर्डर दुसऱ्या कोणाकडे आणि आम्ही अर्ध्या पगारात. हिच्या बांगड्या मुलीच्या फीच्या कामी आधीच येऊन गेल्या होत्या.

"मी कारखान्याच्या मालकांशी बोलून बघू का?" ही म्हणाली. "हप्त्याहप्त्याने घेतील कदाचित."

"उधारीवर?" मी हातातला पेपर खाली ठेवला. "आपण? अगं, उधारी मागायची नसते. कर्ज काढायचं असतं. दोन्हींत फरक आहे."

"काय फरक आहे, बाबा?" मुलीने विचारलं. ती कॉलेजात जाते, त्यामुळे तिला प्रश्न पडतात.

"कर्जाला फॉर्म असतो," मी म्हणालो.

तो फॉर्म मी सुवाच्य अक्षरात भरला. बँकेत माझ्यासमोर जी मुलगी बसली होती ती वयाने आमच्या मुलीपेक्षा फार मोठी नसावी. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत कॉम्प्युटरमध्ये. वधूपरीक्षेत आपण नापास झालोय हे मुलीला जसं चहाच्या कपावरून कळत असेल, तसं मला ते कळलं.

"सर, तुमचा स्कोअर चारशे अठ्ठ्याण्णव आहे."

"पैकी?"

"नऊशेपैकी."

मी मनात आकडेमोड केली. "म्हणजे पंचावन्न टक्के. सेकंड क्लास! आमच्या काळी एवढ्यावर नोकरी लागायची."

"सर, इथे सुरुवातच तीनशेपासून होते."

"म्हणजे काहीच न करणाऱ्याला तीनशे?"

"काहीच न करणाऱ्याचा आमच्याकडे स्कोअर नसतो, सर. तुम्ही काहीतरी केलंय."

मी काय केलं होतं ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वी ऑफिसात एक टाय लावलेला गृहस्थ आला होता. तो क्रेडिट कार्डाबरोबर प्रवासाची बॅग फुकट देत होता. मला बॅग हवी होती. कार्ड मी घरी आणून कपाटाच्या आतल्या कप्प्यात, कुलपात ठेवलं आणि एकदाही वापरलं नाही. संयमाचा याहून मोठा दाखला असेल असं मला वाटत नाही. परंतु त्या कार्डाची वर्षाला काही फी असते, फी भरली नाही की दंड असतो, आणि दंड भरला नाही की व्याज असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे सांगितलं होतं. पत्राने. पण बँकेचं पत्र म्हणजे महत्त्वाचा कागद, आणि महत्त्वाचा कागद आमच्या घरात कधी गहाळ होत नाही. तो पाकिटासकट 'महत्त्वाचे' असं लिहिलेल्या फायलीत जातो. उघडायचा कशाला? उघडला की चुरगळतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून एक्केचाळीस पाकिटं फोडली. एकसुद्धा हरवलेलं नव्हतं. सुरुवातीच्या पत्रांत मी 'प्रिय ग्राहक' होतो. तिसऱ्या वर्षी मी 'महोदय' झालो. पाचव्या वर्षी नुसतं आडनाव, आणि शेवटच्या सहा पत्रांत मला काहीच म्हटलेलं नव्हतं, एकदम मुद्द्याला हात. तक्रार विभागात उभी हयात गेल्यामुळे ही चढती भाजणी माझ्या ओळखीची होती. अशी पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत. व्यावसायिक दृष्टीने पाहता त्यांचं काम चोख होतं. एकूण थकबाकी होती एकोणीस हजार चारशे.

"आणि बॅग कुठे आहे?" हिने विचारलं.

बॅगेची चेन पहिल्याच प्रवासात गेली होती.

दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा आला. तो जुन्या गाड्यांची दलाली करतो, त्यामुळे त्याच्या मते जगात न खपणारी वस्तू नाही, फक्त चुकीचं गिऱ्हाईक असतं. तो म्हणाला, "भावजी, एका बँकेने नाही म्हटलं म्हणून डोक्याला हात लावून बसायचं? सगळीकडे अर्ज टाका. दहा ठिकाणी गळ टाकला की एक तरी मासा लागतो."

मी दोन आठवड्यांत नऊ बँकांत अर्ज टाकले. रजा शिल्लक होत्या, आणि अर्ध्या पगारात रजासुद्धा अर्ध्याच लागत असतील असा माझा समज होता. नऊही ठिकाणी नकार आला. दहाव्या फेरीला मी पुन्हा त्या पहिल्या मुलीसमोर जाऊन बसलो.

"सर, आता चारशे एक्कावन्न झालाय."

"मी काहीही केलेलं नाही! नुसतं विचारलं!"

"तेच तर, सर. प्रत्येक चौकशीची नोंद होते. इतकी दारं ठोठावणारा माणूस अडचणीत असणार, असं धरतात."

"अहो, मी अडचणीत आहे म्हणून तर आलोय."

"हो सर," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पण तसं दिसता कामा नये."

मी हे वाक्य घरी येऊन दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली की ते भिंतीवर लावण्यासारखं आहे.

आता आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तोडगेकाकांचा प्रवेश. हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो म्हणून अख्खी इमारत त्यांना या नावाने ओळखते. गळका नळ, वेळेवर न येणारी कामवाली, तरुणपणी पडलेलं टक्कल, सगळ्यांवर. त्यांच्या स्वतःच्या घरचा नळ गेली चार वर्षं गळतो आहे, पण वैद्याने स्वतःवर प्रयोग करू नयेत असा संकेत आहे.

"आधी ती जुनी भानगड मिटवा," ते जिन्यात उभे राहून म्हणाले. "पण पूर्ण कशाला भरता? घासाघीस करा. वसुलीवाल्यांना काहीच मिळायची आशा नसते. अर्ध्यावर हसत हसत तयार होतील."

घासाघीस! हा माझा प्रांत. भाजीवाले मला पाहून भाव आधीच दीडपट सांगतात, माझं मन राखायला. मी वसुलीवाल्यांना फोन लावला आणि सव्वा तास लढलो. त्यात तीन वेळा मी फोन ठेवायची धमकी दिली आणि एकदा खरोखर ठेवला, मग परत लावला. एकोणीस हजार चारशेवरून गडी नऊ हजारांवर आला. स्कूटर विकून बारा हजार आले, त्यातले नऊ भरले, आणि मी चालत घरी येऊन सगळ्यांना हकिगत सांगितली. हिच्या डोळ्यांत कौतुक दिसलं. फार वर्षांनी दिसलं.

ते पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवशी बँकेतली मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या नावापुढे आता 'तडजोड' असा शेरा आलाय. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे बुडवले नाहीत, पण अर्धे बुडवले, हे सगळ्यांना दिसतं. सात वर्षं दिसेल."

भाजीवाल्याकडे दहाची जुडी पाचला घेतली तर तो निदान बोर्ड लावत नाही.

मशीनचा दिवस तीन आठवड्यांवर आला होता. ही रोज एकदा कारखान्यावरून चक्कर मारायची आणि येऊन सांगायची, "आज दोन मशीनं गेली. आपलं आहे अजून." आपलं! नमुन्याचा कोट तिने जुन्याच मशीनवर शिवून तयार केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉस्पिटलात दाखवायचा होता. खिडकीपाशी हँगरला लावलेला तो कोट इतका पांढरा होता की त्याच्यासमोर मला खोकायची भीती वाटायची.

त्याच दुपारी मी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन घरी आलो.

सांगतो. तोडगेकाका म्हणाले होते, "पत बिघडली की ती नवीन बनवावी लागते. छोटीशी वस्तू हप्त्यावर घ्या, वेळेवर फेडा, की स्कोअर आपोआप चढतो." हप्त्यावर मिळणाऱ्या सगळ्यात छोट्या वस्तूंत दुकानदाराने मला व्हॅक्यूम क्लीनर काढून दिला. अकरा हजार, सहा हप्ते, बिनव्याजी. माझा स्कोअर न विचारता. अशा माणसाबद्दल संशय यायला हवा होता, पण इतक्या नकारांनंतर कोणी खुर्ची पुढे केली की माणूस विरघळतो.

"हे काय आणलंत?" हिने विचारलं.

"कर्ज," मी म्हणालो. "म्हणजे पत. दिसायला व्हॅक्यूम क्लीनर आहे."

आणलाच आहे तर चालवून बघावा म्हणून मी माळ्यावरची धूळ ओढून घेतली. झकास ओढली. मग मला यंत्राला दुसऱ्या बाजूलाही एक भोक दिसलं. कुठलीही वस्तू पूर्ण वापरल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत, या तत्त्वावर मी नळी तिकडे लावली आणि बटण दाबलं. माळ्यावरची अकरा वर्षांची धूळ त्याने एका श्वासात परत केली. नळीचं तोंड खिडकीकडे होतं.

हिने कोट हँगरवरून काढला, दोन बोटांनी धरून मोरीत नेला आणि दार लावलं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा खाली जाऊन या." मी खाली गेलो. तिथे तोडगेकाका भेटले. त्यांच्याकडे पांढऱ्या कपड्यावरच्या धुळीवर तोडगा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो ऐकून घेतला नाही.

कोट धुऊन, इस्त्री होऊन सकाळी हॉस्पिटलात गेला आणि पसंतही पडला. ऑर्डर हिची झाली. आता फक्त मशीन.

इकडे मला मात्र झोप लागेना. घराण्यात कोणी हप्त्यावर काही घेतलेलं नव्हतं. कोपऱ्यात तो व्हॅक्यूम क्लीनर बसलेला दिसला की मला वाटायचं तो पैसे मागतोय. स्कूटरचे तीन हजार होतेच. आठ हजार मेहुण्याकडून घेतले आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सहाही हप्ते एकदम तोंडावर फेकले. दुकानदार म्हणाला, "अहो, घाई नव्हती." मी म्हणालो, "आमच्याकडे घाई असते." असं वाक्य बोलून बाहेर पडताना जो रुबाब चढतो तो मेहुण्याच्या पैशांवर होता हे मला कोपऱ्यावर वळल्यानंतर आठवलं.

"तीन दिवसांत फेडलं?" नोंद दिसायला पंधरा दिवस गेले, आणि बँकेतली मुलगी आता हताश झाली होती. "सर, वेळेवर हप्ते भरायची सवय दिसावी म्हणून ते घ्यायचं असतं. एकही हप्ता पडला नाही, तर सवय कशी दिसणार?"

"म्हणजे रेंगाळत फेडणारा शहाणा आणि चटकन फेडणारा वेडा?"

"वेडा असं नाही लिहीत, सर. काहीच लिहीत नाहीत." तिने कॉम्प्युटरचा पडदा बाजूला सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. "सर, एक सांगू? राग मानू नका. काही दिवस तुम्ही काहीच करू नका."

इतक्या चकरांत त्या बँकेने मला काही दिलं असेल तर ते एवढंच. तेही बिनतारण.

मी घरी येऊन हे हिला सांगितलं. मशीन भंगारात जायला दोन दिवस उरले होते. मला वाटलं ही रडेल, निदान मला बोलेल. बोलायला तिच्याकडे मजकूर भरपूर होता. एक स्कूटर गेली होती, नऊ हजार गेले होते, भावाचे आठ हजार डोक्यावर होते आणि घरात एक व्हॅक्यूम क्लीनर होता ज्याला ती 'तुमची पत' म्हणायची. "तुमची पत जरा पलंगाखाली सरकवा, पायात येते," असं.

ती म्हणाली, "फॉर्म संपले का तुमचे?"

"संपले."

"मग चपला घाला."

हॉस्पिटलातून परत आणलेला तो कोट तिने पिशवीत घातला आणि आम्ही कारखान्यात गेलो. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. जिथे जिथे मशीनं होती तिथे फरशीवर स्वच्छ चौकोन उरले होते, आणि त्यांच्याभोवती रंगीबेरंगी दोऱ्यांचा कचरा. मालक स्टुलावर चढून ट्यूबलाइट काढत होते. चष्मा कपाळावर, तोंडात स्क्रू. आमचं मशीन भिंतीशी एकटंच उभं होतं.

हिने आढेवेढे घेतले नाहीत. "काका, मला हे मशीन हवंय. एकदम पैसे नाहीत माझ्याकडे. नऊ हजारांचे पाच हप्ते देईन. पहिला हॉस्पिटलने उचल दिली की लगेच."

मालकांनी तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले, खाली उतरले आणि म्हणाले, "भंगारवाला परवा सगळ्याचे मिळून रोख देतोय."

"माहीत आहे."

"काय शिवता?"

हिने कोट पुढे केला. मालकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कोट सरळ उलटा केला. बाहेरून पाहिलाच नाही. काखेतली शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून त्यांनी अशी ओढली की माझ्याच काखेत कळ आली. शिवण हलली नाही.

"इथे दुहेरी मारलीय?"

"आधी तिथेच उसवतं. डॉक्टर लोक सारखे हात वर करतात."

"खिशाच्या कोपऱ्यांना आतून पट्टी दिलीय."

"पेनं असतात ना."

"ही पट्टी दिसत नाही बाहेरून. गिऱ्हाइकाला कळणार नाही."

"खिसा फाटला असता तर कळलं असतं," ही म्हणाली.

मालक हसले नाहीत. त्यांनी कोट पुन्हा सुलटा केला, झटकला, घडी घालून तिच्या हातात दिला. "किती वर्षं शिवताय?"

"बावीस."

"माझ्याकडे का नाही आलात कधी कामाला?" ते रिकाम्या हॉलकडे बघत म्हणाले, आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "बरं झालं नाही आलात. न्या."

इथे माझ्यातला अब्रूदार माणूस जागा झाला. मी म्हणालो, "नाही, पण तुम्हाला आधी सांगायला हवं, माझा स्कोअर..."

हिने माझ्या पायावर पाय दिला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"हे उचलायला आलेत," ही म्हणाली.

मग मी एक टोक उचललं. दुसरं टोक मालकांनी स्वतः उचललं, कारण कामगार सगळे गेलेले होते. मशीन जिन्यावरून खाली आणताना मधल्या वळणावर आम्ही दोघं अडकलो. मालक धापा टाकत म्हणाले, "अठरा वर्षांपूर्वी हे वर चढवताना आम्ही सहाजण होतो." एवढंच. कधी नव्हे ते मला सुचलं की इथे बोलायचं नसतं. हातगाडीवर मशीन ठेवल्यावर त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडला, त्यावर पाच तारखा लिहिल्या आणि माझ्या हातात दिला. ही पुढे झाली, पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला आणि घरी पोचल्यावर आधी तो मशीनसमोरच्या भिंतीला खिळ्याने ठोकला, मग दिवा लावला.

दीडशे कोट आठ दिवस आधी तयार झाले. हॉस्पिटलने पैसे उशिरा दिले, मंदी त्यांनाही होती, पण पुठ्ठ्यावरच्या पाचही तारखांवर हिने वेळच्या वेळी काट मारली. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मालकांनी तिला आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली. आमच्या कंपनीने पगार अर्ध्यावरून पाऊणवर आणला. या वेळी वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

राहता राहिले मेहुण्याचे आठ हजार. तो तोंडाने काही मागत नव्हता, पण 'भावजी'तला 'जी' दिवसेंदिवस आखूड होत चालला होता, आणि परवा तर त्याने मला 'अहो, ऐका' अशी हाक मारली. तेव्हा एका रविवारी मी मशीनजवळ जाऊन उभा राहिलो आणि घसा साफ केला.

हिने पाय उचलला. मशीन थांबलं.

"मला जरा पैसे हवे होते," मी म्हणालो. "उसने."

"किती?"

"आठ हजार."

"कशासाठी?"

"तुझ्याच भावाचे द्यायचेत."

"परत कधी?"

"महिन्याला हजार. आठ महिने. वेळेवर."

तिने सुईतला दोरा तोडला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "जामीन कोण राहणार?"

घरात तिसरं माणूस एकच होतं. पलंगावर बसून ते बटणं लावत होतं. मी मोठ्या आशेने तिकडे वळलो.

"माझ्याकडे बघू नका हं, बाबा," मुलगी मान वर न करता म्हणाली. "मला पुढे शिकायला कर्ज काढायचंय."